दोन इंची प्लेटमध्ये अडीचशेचं भोक, आणि आतली चकती

काम असं होतं: माइल्ड स्टीलची प्लेट, ५०० बाय ५००, जाडी ५० एमएम. मधोमध २५० एमएमचं बोअर (आतून नेमक्या मापाला घासलेलं भोक), टॉलरन्स म्हणजे मापात चालणारा फरक एच ७, म्हणजे शून्य ते अधिक ४६ मायक्रॉन. चार कोपऱ्यांत एम २० बोल्टसाठी २२ ची भोकं. बोअरमध्ये बेअरिंग हाउसिंगचा स्पिगॉट (बाहेर आलेला गोल भाग) बसणार. गळीत हंगाम संपला की आपल्याकडे अशी कामं निघतातच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा, दोन इंची प्लेटला मोठं भोक पाडून घ्यायचं म्हटल्यावर प्रत्येक जण वेगळा रस्ता सांगतो. कुणी गॅस म्हणतं, कुणी ड्रिल, कुणी सरळ शिरोलीला प्रोफाइल कटिंगला, म्हणजे मशीनवर आकार कापून देणाऱ्याकडे, टाका म्हणतं. सगळे रस्ते चालतात. पण प्रत्येक रस्त्याची अडचण एकाच जागी येते: आतला तुकडा सुटतो त्या क्षणी.

आधी वजन काढा. हिशेब सोपा आहे: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी एमएममध्ये, तिन्हींचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणायचं. ०.५ गुणिले ०.५ गुणिले ५० गुणिले ७.८५, म्हणजे ९८ किलो. मधलं २४० चं रफ भोक पाडलं तर जाणारा माल पावणेअठरा किलो. हा सगळा माल बुरा करून काढायचा, की कडेने एक फट मारून आख्खी चकती बाहेर काढायची? फट तीन एमएमची असेल तर जळून जाणारा माल एक किलोच्या आत येतो, आणि हातात १७ किलोची चकती उरते. मोठ्या भोकात कोणी शहाणा माणूस आतला माल पोखरत बसत नाही, फट मारतो. म्हणून भोकाचा विचार नंतर करा. चकती कशावर टेकलेली आहे, सुटल्यावर कुठे जाणार आणि कोण उचलणार, हे आधी ठरवा.

सोडून दिलेले रस्ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या कामाला त्यातलाच एखादा लागू पडेल.

चेन ड्रिलिंग. २३० च्या वर्तुळावर १६ च्या ड्रिलने ४२ भोकं. डिव्हायडर १७.२ वर लावून फिरवला की ४२ भाग बरोबर पडतात आणि दोन भोकांमध्ये जेमतेम १.२ एमएमची भिंत राहते. भोकांची बाहेरची कड २४६ वर येते, म्हणजे फिनिशला दर बाजूला २ एमएम शिल्लक. रेडियल ड्रिलवर ४०० आरपीएमला फेऱ्याला ०.२ एमएम फीड दिला तर एक भोक पाऊण मिनिटात उतरतं, सरकवणं धरून दोन मिनिटं. दीड तासाचं काम, उष्णता नाही, प्लेट वाकायची भीती नाही. पण ओळीने भोकं मारत गेलात तर ड्रिल शेजारच्या मोकळ्या भोकात झुकतं आणि ५० एमएम खोलीत दोन-दोन एमएम सरकतं. म्हणून आधी एक सोडून एक मारायची, मग मधली. मधली मारतानाही ड्रिल दोन्हीकडच्या पातळ भिंतींवर सारखं बसायला पाहिजे, त्यासाठी पंच खोल हवा आणि आधी ५ एमएमचं पायलट. शेवटी भिंती छन्नीने तोडायच्या. चकती अशा वेळी ४२ पातळ पट्ट्यांवर लटकलेली असते. ३०-३५ तुटल्या की उरलेल्या आपोआप वाकतात आणि चकती तिरकी होऊन अडकते. बोअर करताना टूलला फेऱ्याला ४२ ठोके बसतात ते वेगळंच, पहिल्या कटला इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या टोकाची) कड उडते. जिथे गॅस नेता येत नाही, जवळ तेल आहे, केबल आहे, तिथे हा रस्ता चांगला. उभ्या स्ट्रक्चरवर मॅग्नेटिक ड्रिल चिकटवूनही हेच करता येतं.

ट्रेपॅनिंग. लेथवर प्लेट बांधून सहा एमएम रुंदीच्या टूलने गोल खाच खोल-खोल नेत जायची. चकती सुंदर सुटते, दोन्ही बाजू मशीन केल्यासारख्या. मात्र ५० खोल खाचेत बुरा अडकतो आणि टूलची बाहेरची खालची कड खाचेच्या भिंतीला घासते, कारण खाच वळते आणि टूल सरळ असतं. टूलला बाहेरच्या बाजूने वर्तुळाच्या हिशेबाने जास्त क्लिअरन्स घासावा लागतो. अर्धं एका बाजूने, प्लेट उलटून अर्धं दुसऱ्या बाजूने करायचं. आणि कधीच आरपार कापायचं नाही. दीड एमएम पडदा ठेवायचा, मशीन बंद करायचं, आणि चकती हातोडीने पाडायची. पॉवरवर आरपार गेलात तर सुटलेली १७ किलोची चकती टूलवर पडते, फिरता जॉब तिला ओढतो, आणि टूल तर जातंच, कधी टूलपोस्टही.

प्रोफाइल कटिंगवाल्याकडे टाकणं सगळ्यात बिनकटकटीचं. शिरोली, गोकुळ शिरगाव दोन्हीकडे सोय आहे. पण ड्रॉइंगवर तीन गोष्टी लिहून द्या: भोक किती रफ ठेवायचं, पिअर्सिंग (धारेने पहिलं भोक फोडणं) चकतीच्या आत किमान २५ एमएमवर करायचं, आणि चकती परत पाहिजे. तिसरी गोष्ट विसरू नका, कारण पैसे तुम्ही आख्ख्या प्लेटच्या किलोवर मोजलेले असतात. दुसरी गोष्ट का, ते एका प्लेटवर आम्ही पाहिलंय. पिअर्सिंग थेट रेषेवर केलेलं होतं. तिथे सहा एमएम खोल खड्डा पडला होता आणि बोअरला दर बाजूला पाचच शिल्लक होते. बोअर करून झालं तरी खड्ड्याचा काळा डाग तसाच राहिला. साध्या प्लाझ्मा कटरला मात्र ५० एमएमचं पिअर्सिंग देऊ नका. कडेपासून तो कापेल, मधून भोक फोडायला गेला की नोझल खातो.

आमच्या हाताशी गॅस कटिंगचा सेट होता, सर्कल अटॅचमेंट (मध्यावर पिन रोवून टॉर्च गोल फिरवायची दांडी) होतं, आणि फिनिशसाठी गॅप बेड लेथ, म्हणजे मोठा जॉब फिरायला बेडमध्ये खाच असलेला लेथ. प्लेटचा कर्ण ७०७, म्हणजे सेंटरपासून ३५४ मोकळी जागा पाहिजे, ती गॅपमध्ये मिळत होती. म्हणून गॅसने रफ आणि लेथवर फिनिश.

प्लेट घेताना कड बघून घ्या. कापलेल्या कडेवर मधोमध बारीक काळी रेघ दिसली तर प्लेटमध्ये लॅमिनेशन आहे, म्हणजे आतून पदर सुटलेला आहे. ऑक्सिजनची धार त्या पदरापर्यंत सरळ जाते आणि तिथून आडवी पळते. खालचा अर्धा भाग कापलाच जात नाही, आणि कटरवाला आपल्या नोझलला दोष देत बसतो. दुसरी गोष्ट, मटेरियल विचारून घ्या. आयएस २०६२ ची साधी प्लेट गॅसने लोण्यासारखी कापते. ईएन ८ असेल तर कार्बन ०.४ च्या आसपास असतो, कापलेली कड कडक होते आणि टूल त्यावर घसरतं. अशी प्लेट आधी १५० ते २०० डिग्री तापवून कापायची आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश थंड करायची. कोल्हापूर फाउंड्रीचं गाव, त्यामुळे कुणीतरी कास्ट आयर्नचा ठोकळा आणून "हे पण गॅसने मारा की" म्हणतोच. ते होत नाही. स्टील सुमारे ९०० डिग्रीला ऑक्सिजनमध्ये पेट घेतं आणि त्याचा ऑक्साइड स्टीलच्या आधी वितळून वाहून जातो, म्हणून फट पडते. कास्ट आयर्न पेटायच्या आधीच वितळतं, आणि धारेत ग्रॅफाइट आडवा येतो. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडची साय बसते, ती वितळतच नाही. दोन्हींना हा रस्ता बंद.

मार्किंगला वेळ द्या. प्लेटचा स्केल (वरची काळी खपली) ग्राइंडरने काढला, चुना लावून वाळवला. गुण्या लावून दोन्ही मध्यरेषा ओढल्या आणि त्या प्लेटच्या चारही कडांवर उतरवल्या, कडेच्या जाडीवरही. ही तसदी फुकटची वाटते, पण चकतीबरोबर सेंटरही पडतो. भोक पडल्यावर प्लेटला मध्य उरत नाही. मग लेथवर कशाला धरून सेट करणार? म्हणून तीन वर्तुळं मारली: २४० चं कापायचं, २५० चं फिनिशचं, आणि बाहेर २६० चं साक्षीचं. कापताना आतली दोन काळी पडतात, जळतात, स्लॅगखाली (वितळून गोठलेल्या मळीखाली) जातात. २६० चं राहतं. त्यावर दर १५ एमएमला डॉट पंच मारले, हलक्या हाताने, पण सगळे रेषेच्या बरोबर मध्यावर. सेंटरला मात्र पंच खोल मारला, अटॅचमेंटची पिन त्यात बसणार होती.

कोपऱ्यांतली चार भोकं आधीच मारून घेतली. एरवी बोअरला धरून भोकं मारणं बरोबर, पोझिशन नेमकी येते. इथे २० च्या बोल्टला २२ चं भोक होतं, दोन एमएम सैल, म्हणून उलटं चाललं. आणि ती भोकं आम्हाला शॅकल (चेन अडकवायची कडी) घालायला पाहिजे होती. का, ते पुढे येतंय.

सुरुवातीचं भोक. जाड प्लेट टॉर्चने फोडता येते, पण वितळलेलं लोखंड उलटं उसळून नोझलवर येतं, नोझलची छिद्रं बुजतात आणि कटरवाल्याच्या बाहीवर ठिणग्यांचा सडा पडतो. रेडियलवर १२ चं एक भोक मारायला पाच मिनिटं लागतात, तेवढं करा. ते भोक कुठे मारायचं याला हिशेब आहे. फट तीन एमएमची धरली तर टॉर्चचा मध्य २४० च्या रेषेच्या दीड एमएम आत चालणार, म्हणजे त्रिज्या ११८.५. सुरुवातीच्या भोकाचा सेंटर ११३ त्रिज्येवर घेतला. १२ च्या भोकाची बाहेरची कड ११९ वर आली. त्यामुळे धार सुरू होतानाच मोकळ्या भोकात होती, आणि बाहेरच्या कडेला धक्का नाही. टॉर्च आतून आणून रेषेवर वळवायची कसरत वाचली, जी सर्कल अटॅचमेंटवर तशीही नीट जमत नाही.

आता चकतीची सोय. सर्कल अटॅचमेंटची पिन चकतीच्या मध्यात असते. हे ऐकायला साधं वाटतं, पण सगळं इथेच फिसकटतं. वर्तुळ पूर्ण व्हायला २०-२५ एमएम उरले की चकती लटकायला लागते, एका बाजूने खाली बसते. तिच्याबरोबर पिन सरकते, पिनबरोबर टॉर्च, आणि शेवटच्या दोन बोटांच्या जागेत धार बाहेरच्या कडेत घुसते. बाकी ७०० एमएम सुरेख कापलेलं आणि शेवटी चार एमएमची घळ. उपाय एकच: चकती पडूच द्यायची नाही.

प्लेट चार कोपऱ्यांवर १०० च्या चॅनेलच्या उभ्या तुकड्यांवर ठेवली. चकतीच्या खाली, बरोबर मध्याला, सहा इंची पाइपचा १०० लांबीचा तुकडा उभा केला. सहा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १६८, म्हणजे त्याची कड ८४ त्रिज्येवर. धार ११८ वर, मधे ३४ एमएम मोकळं. स्लॅग पाइपला न चिकटता खाली पडायला एवढं पुरतं. पाइप कापताना दीड एमएम आखूड झाला होता. तसाच ठेवला असता तर चकती शेवटी दीड एमएम खाली बसली असती, आणि पिन हलायला तेवढं पुष्कळ आहे. म्हणून पाइपच्या खाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवल्या, वरून हातोडीच्या दांड्याने पाइपला टिचकी मारून बघितली. सैल पाइप खडखडतो, ताठ बसलेला बद्द वाजतो. बद्द वाजेपर्यंत पट्ट्या घालायच्या, पण प्लेट चॅनेलवरून उचलली जाईल इतक्या नाही. कागदाचा कपटा चॅनेल आणि प्लेटच्या मधे सरकत नसेल तर बरोबर.

खाली ट्रेमध्ये कोरडी वाळू. कोब्यावर थेट स्लॅग पडू देऊ नका. कोब्यात मुरलेलं पाणी वाफ होऊन कपचे फटाफट उडतात, पायावर येतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. आजूबाजूचं कॉटन वेस्ट, तेलाचा ट्रे, लाकडी फळी, सगळं पाच-सहा मीटर लांब.

गॅसचं. ॲसिटिलीनवर १/१६ इंची नोझल लावला. दाब चौरस सेंटीमीटरला ऑक्सिजनचा ३ ते साडेतीन किलो, ॲसिटिलीनचा पाव ते अर्धा किलो. ॲसिटिलीन एक किलोच्या वर कधीही नेऊ नका, दाबाखाली तो स्वतःहून फुटतो. ऑक्सिजनचं प्रेशर लावताना टॉर्चची कटिंगची कळ दाबून ठेवा आणि मग काटा बघा. कळ सोडलेली असताना साडेतीन दाखवणारा काटा लांब पाइपवर प्रत्यक्ष कापताना अडीचवर उतरतो. ऑक्सिजनच्या नट-बोल्टला तेलाचा हात नको, ग्रीस तर अजिबात नको. एलपीजीवरही हे काम होतं आणि स्वस्त पडतं. त्याचा नोझल वेगळा असतो, तापवायला वेळ जास्त लागतो, पण वरची कड कमी वितळते. जाड मालाला आम्हाला एलपीजीची कड जास्त आवडते. त्या दिवशी मात्र ॲसिटिलीन जोडलेला होता.

पाच नंबरची काच, चामड्याचे हातमोजे, पँट बुटाच्या बाहेरून. नोझल प्लेटपासून पाच-सहा एमएम वर, निळ्या टोकांची लांबी सगळ्या छिद्रांवर सारखी. एखादं टोक वाकडं किंवा आखूड दिसलं तर थांबा, नोझल पिनने साफ करा. वर्तुळात कापताना टॉर्चची दिशा सतत बदलते, त्यामुळे वाकड्या धारेची फट एका बाजूला आत झुकते आणि समोरच्या बाजूला बाहेर.

१२ च्या भोकाची कड उजळ लाल झाली, पांढुरकी चमक यायला लागली, की ऑक्सिजनची कळ सावकाश दाबायची. खालून ठिणग्यांचा झोत सरळ पडायला लागला की फिरवायला सुरुवात. या जाडीला मिनिटाला २५० एमएम चाल ठीक. साडेसातशेच्या आसपास लांबी आहे, म्हणजे कापायला तीन मिनिटं. तयारीला दीड तास गेला होता.

चाल बरोबर आहे की नाही हे आवाजावरून कळतं. जाड कापड एका झटक्यात फाडावं तसा सलग आवाज आला पाहिजे. फडफड झाली, अडखळला, की काहीतरी चुकलं. चाल जास्त झाली की ठिणग्या मागे वाकतात, आणखी वाढली की वर उसळतात, म्हणजे खालून आरपार गेलंच नाही. चाल कमी झाली की वरची कड मेणासारखी वितळून गोल होते आणि स्लॅग खाली चिकटून बसतो. मधेच धार तुटली तर घाई करू नका. टॉर्च दहा-पंधरा एमएम मागे नेऊन, कापलेल्या फटीच्या कडेला पुन्हा तापवून, तिथून सुरू करा. पुढच्या जागेवर सुरू केलं तर मधे न कापलेला पूल राहतो आणि तो शेवटी सापडतो, तोही खालच्या बाजूला.

टॉर्चमध्ये फटाफट आवाज यायला लागला तर नोझल तापलाय किंवा प्लेटला टेकलाय. शिट्टीसारखा आवाज येऊन ज्वाला आत गेली तर आधी ऑक्सिजन बंद, लगेच ॲसिटिलीन. दोन्ही पाइपांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाला मागे पळू न देणारे) नसतील तर हे काम सुरूच करू नये.

शेवटच्या दोन इंचांत हेल्परचा हात आपोआप चकतीकडे जातो. "सुटतंय बघा मिस्त्री!" "सुटू दे, हात काढ की आधी." चकती सुटली, पण जागची हलली नाही. पाइपवर बसून राहिली. पिन हलली नाही, शेवटची जोड हाताला लागण्यापुरतीच. सुरुवातीच्या भोकात धार शिरली आणि आवाज एकदम बदलून पोकळ झाला, तेव्हा कळ सोडली.

मग चकती उचलायच्या भानगडीत पडलोच नाही. कोपऱ्यांच्या चार भोकांत शॅकल, चेन ब्लॉक, आणि प्लेटच सरळ वर घेतली. ८० किलोची प्लेट वर गेली, १७ किलोची चकती पाइपवर तशीच. एका बाजूला खालच्या स्लॅगने धरलं होतं, तिथे छन्नीचा एक फटका पुरला. प्लेट तिरकी उचलली तर चकती फटीत अडकून बरोबर वर येते आणि डोक्याएवढ्या उंचीवर सुटते. चारही चेन सारख्या ताणलेल्या पाहिजेत. आणि वर घेताना खाली कुणाचा पाय नको.

पाणी मारलं नाही. प्लेट ठोकळ्यांवर ठेवून रात्रभर सोडली.

सकाळी मोजलं: वर २४० च्या आसपास, खाली २३८.५. धार खाली थोडी आत आली होती, जाड मालाला हे होणारच. दर बाजूला पाच एमएम ठेवले होते ते यासाठी. ज्यांना तीन पुरतात त्यांनी ठेवावेत. आम्हाला पाच स्वस्त वाटतात, कारण एक घळ राहिली तर आख्खी प्लेट भंगारात जाते.

खालच्या कडेचा स्लॅग ग्राइंडरने पूर्ण काढा. राईएवढा कण राहिला तरी प्लेट फेस प्लेटवर (लेथवर जॉब बांधायच्या फिरत्या तबकडीवर) टेकत नाही आणि बोअर तिरकं येतं. फेस प्लेट आणि जॉबच्या मधे २५ चे चार सारखे पॅरलल (नेमक्या जाडीचे ठोकळे) ठेवले, टूल आरपार निघून फेस प्लेटला लागू नये म्हणून. कोपऱ्यांच्या भोकांतून बोल्ट. टूलपोस्टवर टोकदार पॉइंटर बांधून २६० च्या पंचांवरून फिरवला, तांब्याच्या हातोडीने ठोकत अर्ध्या एमएमच्या आत आणलं.

एक गोष्ट लेथवर पहिल्यांदा असा जॉब लावणाऱ्याला कुणी सांगत नाही: चौकोनी प्लेट फिरायला लागली की गोल दिसते. कोपरे डोळ्याला दिसतच नाहीत, नुसती धूसर कड दिसते. ८५ आरपीएमला ते कोपरे सेकंदाला तीन मीटरच्या वर वेगाने फिरतात, आणि ८० किलो वजन पाठीशी असतं. चारही कोपऱ्यांना पांढरा पेंट मारला की फिरताना पांढरी रिंग दिसते, हात तिथे जात नाही. चालू करण्याआधी हाताने एक फेरा फिरवून चारही कोपरे बेड आणि कॅरेजला चुकतात का ते बघायचं. बोल्टची डोकीसुद्धा.

पहिला कट घाबरत घ्यायचा नाही. गॅसने कापलेल्या कडेवर ऑक्साइडची कातडी असते. अर्धा एमएमचा कट घेतला तर टूल त्या कातडीतच घासत राहतं आणि दोन फेऱ्यांत बोथट होतं. दर बाजूला दोन एमएम घेऊन टूलचं टोक कातडीच्या खाली, मऊ मालात ठेवायचं. ८५ आरपीएम, फीड ०.२५, कार्बाइड, २४४ पर्यंत. बार ४० चा, बाहेर ९० च काढलेला, त्यामुळे चॅटर (टूलची थरथर) नाही. मग २४७, मग २४९. इथे थांबायचं.

थांबायचं कारण उष्णता. स्टील मीटरला दर डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. २५० वर दर डिग्रीला ३ मायक्रॉन. रफिंगने जॉब १५ डिग्री गरम झाला असेल तर बोअर ४५ मायक्रॉन मोठं दिसतं, म्हणजे आख्खा एच ७ तिथेच संपला. गरम जॉबवर बोअर गेज २५० अधिक २० दाखवतो, टर्नर खूश होतो, आणि संध्याकाळी स्पिगॉट बसत नाही. एप्रिल-मेच्या कोल्हापुरी दुपारी तर पत्र्याखालच्या शेडमध्ये मायक्रोमीटरसुद्धा हातात धरून गरम होतो. २४९ ला जॉब सोडला, बोअर गेज आणि सेटिंगचा मायक्रोमीटर दोन्ही प्लेटला टेकवून ठेवले, म्हणजे तिघांचं तापमान एक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत बोल्ट थोडे सैल करून पुन्हा सारखे आवळले, रफिंगचा ताण निघून जावा म्हणून. सेटिंग २४९ च्या बोअरवर डायल लावून पुन्हा तपासलं, ०.०४ सरकलं होतं. ते सरळ केलं.

२४९.६ चा कट, मग फिनिश, १०० आरपीएमला फीड ०.१. त्याच सेटिंगवर टूल पुन्हा एकदा नुसतं फिरवलं, दाबाने मागे सरलेला बार उरलेलं खातो. वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी आडवं-उभं मोजलं: अधिक १८ ते अधिक २६ मायक्रॉन. खालच्या तोंडाला ते थोडं मोठं येतं, टूल बाहेर पडताना दाब सुटतो म्हणून. आत शिरायला २ एमएमचा २० डिग्री चॅम्फर (कडेला उतार) मारला.

चकती पाइपवरून उतरवून कोपऱ्यात ठेवली होती. २३४ व्यास, ५० जाडी, मधे पंचची खूण शाबूत. एका बाजूला १२ च्या भोकाने खाल्लेला अर्धगोल आहे, दहा एमएम आत. तो गेला की २१० ची स्वच्छ चकती निघते. चार इंची लाइनच्या ब्लाइंड फ्लँजसाठी (पाइपाचं तोंड बंद करायच्या झाकणासाठी) ती बाजूला काढली, सेंटर तिच्यावर तयारच होता.